कोरडी त्वचा आणि दिवसभराचा मेकअप: महाद्वार रोडवरून जमवलेल्या सामानाचे परीक्षण

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात ‘दिवसभर टिकते’ म्हणून जे जे काउंटरवर मांडले जाते, त्यातील बहुतेक सामान तेलकट त्वचा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असते. मॅट म्हणजे चमक न ठेवणारे फाउंडेशन, तेल शोषणारी कॉम्पॅक्ट, रंध्रे झाकणारा प्रायमर, अल्कोहोलयुक्त सेटिंग स्प्रे या सर्वांचा रोख चेहऱ्यावर सुटणारे तेल आवरण्याकडे असतो. ज्यांच्या चेहऱ्यावर मुळात तेलच कमी सुटते, त्यांच्या बाबतीत हेच सामान उलटते. सकाळी नऊ वाजता गुळगुळीत दिसणारा चेहरा दुपारपर्यंत नाकपुडीच्या कडेला पोपडे धरतो, डोळ्यांखाली बारीक रेघा उठतात आणि गालांवर पिठूळ छटा येते. मेकअप जिथे लावला तिथेच असतो, पण त्याच्याखालची त्वचा तोवर आक्रसलेली असते.

हे लक्षात घेऊन कोल्हापुरातील महाद्वार रोड आणि राजारामपुरी येथील दुकानांतून सहज मिळणारे सामान मी निवडले आणि नेहमीच्या दिवसांत वापरून पाहिले. कसोटी साधीच होती: सकाळी तोंडाला स्कार्फ बांधून दुचाकीवरून शाहूपुरीतील वातानुकूलित कार्यालयात जाणे, दुपारचा डबा, संध्याकाळी तसेच परत येणे आणि लग्नसराईत याच्या जोडीला एखादे मंगल कार्यालय. पावसाळा यातून मुद्दाम वगळला, कारण त्या दिवसांत कोल्हापूरच्या हवेत इतकी ओल असते की कोरडी त्वचासुद्धा गुण्यागोविंदाने नांदते. खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते आणि शिमग्यापर्यंत चालते. जे पटले त्यातील काहींची नावे दिली आहेत. जे पटले नाही, ते वेष्टनावरील कोणत्या शब्दांवरून ओळखावे, एवढेच सांगितले आहे.

आधी दुकानांविषयी. महाद्वार रोडवरच्या दुकानांत माल भरपूर असतो, लहान आकाराच्या ट्यूब मिळतात आणि दाखवणाऱ्या मुली कंटाळा करत नाहीत. त्वचा कोरडी आहे असे स्पष्ट सांगूनही मात्र पुढे येते ते मॅटच, आणि वर “वहिनी, हे लावा, रात्री जेवून उठलासा तरी हलायचं न्हाई” अशी खात्रीही मिळते. ती खात्री खोटी नसते, कारण ते खरोखर हलत नाही. आपल्याला नको असते ते त्याचे वाळणे. शेड पाहताना दुकानातील पांढऱ्या दिव्यांवर विसंबू नये. जबड्याच्या कडेला बोटभर रेघ ओढून दुकानाच्या दारापर्यंत यावे आणि उजेडात पाहावे. राजारामपुरीतील नव्या दुकानांत प्रकाशयोजना चांगली असते आणि टेस्टरही असतात, पण अनेकींची बोटे लागलेला टेस्टर थेट ओठांना किंवा डोळ्यांना लावणे टाळावे. बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत दोन्ही ठिकाणी पाहूनच पैसे द्यावेत. झाकण उघडलेल्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असे छापलेले असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ते संपवायचे असते, हे अनेकींना कोणी सांगितलेले नसते.

घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घेतली, तर निम्मे काम दुकानातच होते. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणून वेष्टनाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत केशर, कोरफड किंवा बदाम झळकत असेल आणि यादीत तो सुगंधी द्रव्याच्याही नंतर येत असेल, तर त्या चित्रासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. कोरड्या त्वचेने पहिल्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन शोधावे.

या संपूर्ण संचात सर्वाधिक गुण मी मेकअपमध्ये न मोडणाऱ्या वस्तूला, म्हणजे मॉइश्चरायझरला देईन. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मधली जागा स्निग्ध द्रव्यांनी भरलेली असते. त्यात वजनाने सुमारे निम्मा वाटा सिरॅमाइडचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचा. हे अस्तर विरळ झाले की आतले पाणी बाहेर उडते, पेशी नीट सुटून न पडता झुपक्याने उचलल्या जातात आणि त्यांनाच आपण पापुद्रे म्हणतो. फाउंडेशनमधील रंग नेमका याच पापुद्र्यांच्या कडांना धरतो. वरून कितीही थापले तरी हे लपत नाही, उलट उठून दिसते. म्हणून घटकयादीत ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल यांसारखे पाणी धरणारे द्रव्य, सिरॅमाइड आणि पाणी उडू न देणारे पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन असे तिन्ही असलेले, बिनवासाचे क्रीम घ्यावे. सेटाफिल आणि सेराव्हे या दोन्ही नावांची क्रीम कोल्हापुरात औषधांच्या दुकानांतही मागवून मिळतात, आणि माझ्या गालांना त्यांचा पोत मानवला. नुसते हायलुरॉनिक आम्लाचे सीरम लावून थांबणे कोरड्या हवेत पुरेसे ठरत नाही. त्यावर झाकण म्हणून क्रीम हवेच.

क्रीम कधी लावता, यावर त्याचा निम्मा परिणाम अवलंबून असतो. कढत पाण्याने तोंड धुण्याची थंडीतली सवय सोडून कोमट पाणी घ्यावे, टॉवेलने टिपावे पण पूर्ण कोरडे करू नये, आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावावे. मी वाटाण्याएवढे क्रीम दोन्ही गालांवर आणि त्याहून थोडे कमी कपाळ व हनुवटीवर घेते. नाकपुडीच्या खाचेत आणि तोंडाच्या कोपऱ्यांत ते बोटाच्या टोकाने वेगळे दाबून बसवते, कारण मेकअप प्रथम फाटतो तो तिथेच. यानंतर चहा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, चेहऱ्याला हात लावायचा नाही. बोट ठेवल्यावर ते किंचित चिकटले पण घसरले नाही, की पुढचा थर द्यायला हरकत नाही.

आदल्या रात्रीची तयारीही यात धरली पाहिजे. निव्हियाचे निळ्या डब्यातील क्रीम १९११ पासून बाजारात आहे. ते तेलात पाण्याचे बारीक थेंब घोटलेल्या प्रकारचे असल्यामुळे जाड लागते आणि रात्री त्याचा तो जाडपणाच उपयोगी पडतो. फार उललेल्या जागी, विशेषतः ओठांवर आणि नाकाच्या कडांना, साधी पेट्रोलियम जेली पुरते. पापुद्रे काढण्यासाठी अक्रोडाच्या सालीचे किंवा साखरेचे खरखरीत स्क्रब वापरू नये. लॅक्टिक आम्ल किंवा युरिया असलेले सौम्य लोशन आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री लावले तर पुरते, आणि दुसऱ्या दिवशी उन्हाची काळजी अधिक घ्यावी लागते. लग्नाच्या आदल्या रात्री मात्र यातले काहीही पहिल्यांदाच लावून पाहू नये.

सनस्क्रीनविषयी थोडक्यात: एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक, क्रीमच्या स्वरूपातले, आणि चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेले असले तरी ते आपण इतके पातळ लावतो की तेवढ्यावर विसंबता येत नाही. ‘मॅट फिनिश’ किंवा ‘ड्राय टच’ लिहिलेले सनस्क्रीन कोरड्या त्वचेने टाळावे, कारण तेल शोषणारी सिलिका त्यात अनेकदा असते.

प्रायमरवर कोरड्या त्वचेने पैसे खर्च करण्याची गरज मला वाटली नाही. रेशमासारखा लागणारा प्रायमर बहुधा सिलिकॉनचा असतो आणि त्यावर पाण्याचे प्रमाण अधिक असलेले फाउंडेशन चोळले की रबराने खोडल्यासारखे गोळे निघतात. दुकानदार त्याचे खापर क्रीमवर फोडतो. फार झाले तर नाकाच्या बाजूच्या उघड्या रंध्रांवर कणभर लावावा. उरलेल्या चेहऱ्यावर बसलेले क्रीमच प्रायमरचे काम करते.

फाउंडेशनमध्ये मात्र निवड नेमकी हवी. मेबेलिनच्या ‘फिट मी’चे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यात दोन स्पष्ट वाटा आहेत: ‘मॅट अँड पोअरलेस’ सर्वसाधारण ते तेलकट त्वचेसाठी आणि ‘ड्युई अँड स्मूद’ सर्वसाधारण ते कोरड्या त्वचेसाठी. पहिली काउंटरवर समोरच असते. दुसरी बहुधा नाव घेऊन मागावी लागते. मी दुसरी वापरते आणि तिचा ओलसर झळाळ कार्यालयातील पांढऱ्या दिव्यांखाली तेलकटपणात जमा होत नाही, हे तिच्या बाजूने सांगेन. अन्य कोणत्याही नावाचे घ्यायचे असल्यास ‘हायड्रेटिंग’, ‘ड्युई’, ‘सॅटिन’ हे शब्द पाहावेत. ‘ट्रान्स्फर-प्रूफ’, ‘२४ तास’ आणि ‘मॅट’ हे तिन्ही शब्द एकत्र आले तर ते फाउंडेशन कोरड्या गालांसाठी नाही असे समजावे. अशा प्रकारातील द्रव्ये उडून गेल्यावर त्वचेवर घट्ट पापुद्रा उरतो. चेहरा हसला की हा पापुद्रा हसत नाही, आणि सारवलेल्या अंगणाला उन्हात भेगा पडाव्यात तशा त्याला ओठांच्या बाजूने भेगा पडतात.

लावण्याची पद्धत फाउंडेशनच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे. स्पंज पाण्यात भिजवून पूर्ण पिळून घ्यावा, फाउंडेशन हाताच्या पाठीवर काढावे आणि चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेर थोपटत न्यावे. घासू नये, कारण घासल्याने पापुद्रे उभे राहतात. संपूर्ण चेहऱ्यावर सारखा थर देण्याचीही गरज नसते. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर आणि जिथे डाग असतील तिथे रंग हवा. गालांची बाहेरची बाजू आणि कपाळाच्या कडा नुसत्या स्पंजवर उरलेल्या अंशाने भागतात. कोरड्या त्वचेवर जितका थर कमी, तितका तो अधिक वेळ ताजा दिसतो. या परीक्षणातून हाती आलेली सर्वांत स्वस्त गोष्ट हीच. ब्लशही क्रीमचाच घ्यावा आणि फाउंडेशन ओलसर असतानाच बोटांनी दाबून बसवावा.

पावडरविषयी आपल्याकडे एक जुनी श्रद्धा आहे. स्नो-पावडर केल्याशिवाय बाईने उंबरा ओलांडायचा नाही, अशा घरांत आपण वाढलो. ती स्नो म्हणजे लावताच विरून जाणारे, चमक न ठेवणारे क्रीम होते आणि त्यावर टाल्कम. कोरड्या चेहऱ्यासाठी याहून गैरसोयीची जोडी शोधून सापडणार नाही. त्या सवयीपोटी आजही कॉम्पॅक्टचा पफ दिवसातून चार वेळा फिरतो. टाल्क, सिलिका आणि केओलिन ही द्रव्ये तेल शोषतात. जिथे तेल नाही तिथे ती पापुद्र्यांवर बसून राहतात. मी पावडर पूर्ण सोडलेली नाही. लहान ब्रशने ती नाकाचा शेंडा, भुवयांच्या मधली जागा आणि डोळ्यांखालची कन्सीलरची (डाग झाकणाऱ्या दाट रंगाची) रेघ एवढ्यापुरतीच घेते. गालांवर ती अजिबात नको.

सेटिंग स्प्रेचे दोन प्रकार असतात आणि दुकानात ते एकाच रांगेत उभे असतात. एकात अल्कोहोल आणि थर धरून ठेवणारी पॉलिमर द्रव्ये प्रमुख असतात; अल्कोहोल उडते, पॉलिमरची जाळी उरते. दुसऱ्यात पाणी आणि ग्लिसरीन प्रमुख असते. तो मेकअपला फारसा बांधून ठेवत नाही, पण पावडरीचा पिठूळपणा मोडतो. पहिल्या प्रकारातील एक बरीच महागडी बाटली मी घेतली होती आणि तिने पहिल्या तासातच गाल ओढल्यासारखे केले. परत घेण्यास दुकानाने नकार दिला, तो अपेक्षितच होता. घटकयादीत ‘अल्कोहोल डिनॅट’ पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर कोरड्या त्वचेने ती बाटली खाली ठेवावी. (सीटाइल किंवा सीटिअरिल अल्कोहोल ही मात्र निराळी, मऊपणा देणारी स्निग्ध अल्कोहोले आहेत, त्यांना घाबरू नये.) नुसते गुलाबपाणी फवारणेही फसवे आहे, कारण ते सुकताना थोडा वेळ गारवा देते आणि त्वचा पुन्हा होती तशी ओढू लागते.

यापुढची परीक्षा कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत होत नसावी, ती म्हणजे स्कार्फची. कावळा नाक्यापासून गोकुळ शिरगावपर्यंत दुचाकीवरून रोज जाणाऱ्या मुलींना हे सांगायला नको. नाकाचा मधला भाग आणि गालांचे उंचवटे कापडाला घासतात आणि तिथले फाउंडेशन कापडावर उतरते. यावर मला जमलेला उपाय असा: घरून निघताना फक्त क्रीम, सनस्क्रीन आणि काजळ, फाउंडेशन कार्यालयात पोहोचल्यावर. ते शक्य नसेल तर शेवटी एक टिश्यू पेपर चेहऱ्यावर ठेवून तळव्याने दाबावा, म्हणजे वरचा सुटा अंश कागदावर येतो, आणि स्कार्फ जाड सिंथेटिक न घेता मऊ मलमलचा घ्यावा. तो रोज धुतलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

ओलसर, झळाळत्या मेकअपची एक अडचण आहे, ती आपल्याच भागातली. क्रीम लावलेल्या कपाळावर टिकली टिकत नाही. बारा वाजता ती भुवईवर येते आणि दोन वाजता डब्यात सापडते. टिकलीच्या जागेवरचे क्रीम आणि फाउंडेशन कापसाने गोल पुसून, तिथे बोटभर पावडर दाबून मग टिकली लावली की ती संध्याकाळपर्यंत राहते. पूर्ण चेहऱ्यात पावडरीला मिळालेले हे सर्वांत सार्थ काम म्हणावे लागेल. टिकलीच्या काही चिकट द्रव्यांतील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, असे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेले आहे. खाज किंवा फिकटपणा दिसताच टिकली थांबवावी. नथ घालायची असेल तर नाकपुडीच्या त्या बाजूला फाउंडेशन जवळजवळ लावूच नये, कारण चापाच्या घर्षणाने तिथे गोल ठसा उमटतो आणि तो फोटोत प्रथम दिसतो. साज आणि ठुशीखालच्या गळ्यालाही हाच नियम लागू.

दुपारच्या डागडुजीत बहुतेकजणी पावडर काढतात आणि उरलासुरला चेहराही कोरडा करून घेतात. माझ्या पर्समध्ये कॉम्पॅक्टच्या जागी क्रीमची लहान डबी आणि स्पंजचा तुकडा असतो. तांदळाच्या दाण्याएवढे क्रीम बोटांच्या टोकांत उबदार करून, जिथे पोपडा उठला असेल तिथे दाबायचे, घासायचे नाही, आणि मग स्पंजने हलके थोपटायचे. सुकलेला रंग पुन्हा मऊ होतो आणि शेजारच्या रंगात मिसळतो. डोळ्यांखालच्या रेघांवरही हेच चालते, मात्र क्रीम नखाच्या टोकाएवढेच हवे. नवे फाउंडेशन वर चढवण्याची गरज क्वचितच पडते.

ओठांच्या बाबतीत कोल्हापूर मोठे निर्दय गाव आहे. द्रवरूप मॅट लिपस्टिकचा थर चहाला दाद देत नाही, पण तांबड्या रश्श्यावरच्या तवंगापुढे त्याचे काही चालत नाही. तेलाने तो आतल्या बाजूने विरघळतो आणि बाहेरची कड तेवढी उरते. उललेल्या ओठांवर तो थर त्याआधीच भेगांत शिरलेला असतो. त्यापेक्षा सॅटिन किंवा क्रीम प्रकारची साधी लिपस्टिक घ्यावी, खाली पेन्सिलने संपूर्ण ओठ भरून घ्यावा आणि जेवणानंतर पुन्हा लावावी. पुन्हा लावण्यात कमीपणा नाही.

लग्नासाठी पार्लरमधून करून घेतलेल्या मेकअपचीही तुलना करायला हवी. शहरातील एका पार्लरने ‘एचडी’ म्हणून जो थर दिला, तो छायाचित्रांत उत्तम आणि समोरासमोर जड होता. मुहूर्त लागेपर्यंत तोंडाच्या कडेला रेघा धरल्या होत्या. याचे कारण इतिहासातही आहे. मॅक्स फॅक्टरचे पॅन-केक १९३० च्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी, प्रखर दिव्यांसमोरच्या चेहऱ्यांकरिता तयार झाले, आणि चेहरा पूर्ण झाकण्याची रीत तिथून घराघरांत आली. जयप्रभा स्टुडिओच्या या गावाला कॅमेऱ्यासाठीचा रंग आणि हातभर अंतरावरून पाहायचा रंग यांतील फरक कळायला अवघड जाऊ नये. पार्लरमध्ये जाताना आपले क्रीम सोबत न्यावे, तेच आधी लावण्याचा आग्रह धरावा आणि बेकिंगच्या नावाखाली डोळ्यांखाली पावडरीचा ढीग ठेवू देऊ नये. चांगली ब्युटिशियन याला हरकत घेत नाही.

खर्चाचे म्हणाल तर चांगले क्रीम, एक फाउंडेशन, क्रीम ब्लश आणि स्पंज एवढ्यावर माझे भागते. प्रायमर, स्प्रे आणि मोठी कॉम्पॅक्ट यांचे पैसे वाचतात आणि ते क्रीमवर घालावेत. रात्री हा सगळा थर फेसाळ फेसवॉशने खरवडून न काढता आधी तेलाने किंवा क्लिन्झिंग बामने सैल करावा आणि मग सौम्य क्लिन्झरने धुवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पोपड्यांची सोय आदल्या रात्रीच होते. इतके करूनही गालांवर लाल, खाजणारे किंवा चिरा पडलेले चट्टे राहत असतील, तर तो कोरडेपणा मेकअपच्या आवाक्यातला नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा आपल्या नेहमीच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ते सांगेपर्यंत फाउंडेशनची बाटली बंद ठेवावी.